इन्स्टॉलरमध्ये काय विचारायचं आणि काय फाइलीवर सोडायचं

तुमची अडचण मला समजली ती अशी. वेबसाइट चालवण्याचं एक सॉफ्टवेअर तुम्ही तिघांनी मिळून पीएचपी भाषेत आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर तयार केलंय. इन्स्टॉल करताना ते डेटाबेसची माहिती, साइटचं नाव, अ‍ॅडमिनचा ईमेल आणि पासवर्ड एवढंच विचारतं. बाकी सगळं तुम्ही ठरवून टाकलेलं. आता वापरणाऱ्यांच्या मागण्या येतायत. कुणाला डेटाबेसातल्या टेबलांच्या नावांना स्वतःचा प्रीफिक्स, म्हणजे सुरुवातीला जोडायची अक्षरं, हवाय, कुणाला अपलोडचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर. कुणाला नमुना मजकूर नको, कुणाला गॅलरी नको, कुणाला सुरुवातीपासून आपली भाषा हवी. एकाला तर चाळीस साइट्स एका दमात उभ्या करायच्यात. हे सगळं इन्स्टॉलरच्या पडद्यावर आणायचं का, आणि आणायचं तर कसं, हा तुमचा प्रश्न.

बरीच वर्षं मी हेच काम करतोय. इन्स्टॉलर लिहिले, दुसऱ्यांचे दुरुस्त केले, अर्धवट इन्स्टॉल झालेल्या साइट्स सोडवल्या. त्यावरून सांगतो: या मागण्यांपैकी बहुतेक सगळ्या पूर्ण करा, पण पडद्यावर जेमतेम एक-दोन प्रश्न वाढू द्या. बाकीचं सगळं एका फाइलीतून देता आलं पाहिजे. कोणता प्रश्न पडद्यावर आणि कोणता फाइलीत, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. ही गोष्ट नंतर बदलायची म्हटली तर किती रडवते?

टेबलांचा प्रीफिक्स घ्या. दिसायला किरकोळ. वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो डब्ल्यूपी आणि अंडरस्कोर असा असतो, कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलीत एका ओळीत. साइट चालू झाल्यावर कुणाला वाटतं की तो बदलावा. तो सगळ्या टेबलांची नावं बदलतो, कॉन्फिगमधली ओळ बदलतो, लॉगिन करतो, आणि अ‍ॅडमिन असूनही ‘तुम्हाला या पानाची परवानगी नाही’ असं समोर येतं. कारण प्रीफिक्स फक्त टेबलांच्या नावात नसतो. ऑप्शन्सच्या टेबलात युजरच्या भूमिकांची जी नोंद असते तिच्या नावाला तोच प्रीफिक्स जोडलेला असतो, आणि युजरमेटाच्या टेबलात प्रत्येक युजरच्या अधिकारांच्या ओळीलाही. टेबलं नव्या नावाची, आतल्या ओळी जुन्या नावाच्या, त्यामुळे सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिन सापडतच नाही. हे मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता तक्रारीची पहिली ओळ वाचूनच कळतं.

साइटचा पत्ता हे दुसरं उदाहरण. पत्ता डेटाबेसात एका जागी ठेवलेला असता तर बदलणं सोपं झालं असतं. पण पीएचपीत माहिती सिरियलाइझ करून, म्हणजे एका सलग मजकुरात गुंडाळून, साठवली की प्रत्येक मजकुराच्या आधी त्याच्या लांबीचा आकडा लिहिला जातो. कुणी डेटाबेसचा डंप, म्हणजे फाइलीत उतरवलेली नक्कल, एडिटरमध्ये उघडून जुना पत्ता शोधून नवा टाकला आणि नवा पत्ता तीन अक्षरांनी मोठा निघाला, तर आकडा जुनाच राहतो. मग ती नोंद वाचताच येत नाही आणि विजेट्स, थीमच्या सेटिंग्ज गायब होतात. म्हणून वर्डप्रेसच्या कमांड लाइन (टाइप करून हुकूम देण्याच्या) साधनात शोधून बदलण्याची वेगळी कमांड आहे, जी ही माहिती उलगडते, बदलते आणि लांबी नव्याने मोजून परत गुंडाळते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुरात पूर्ण पत्ता साठवला जात असेल, तर इन्स्टॉलर हाती घेण्याआधी ते बंद करा. मुळाशीच एक अडचण कमी होईल.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत, हा या यादीतला सगळ्यात दगाबाज प्रकार. मायएसक्यूएलमध्ये ज्याला वर्षानुवर्षं यूटीएफ-८ म्हटलं गेलं ते एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं. देवनागरी अक्षरं ३ बाइटांत बसतात, त्यामुळे चाचणीत सगळं ठीक दिसतं. पण इमोजीला ४ बाइट लागतात. डेटाबेस कडक मोडमध्ये (चुकीची माहिती नाकारणाऱ्या) नसेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. लिहिणाऱ्याला काहीच कळत नाही, महिन्याभराने कुणी वाचतं तेव्हा अर्धं वाक्य दिसतं. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत चार बाइटांच्या यूटीएफ-८-एमबी-४ कडे जायचं ठरवलं, तेव्हा इंडेक्सच्या (पटकन शोधण्यासाठीच्या सूचीच्या) मर्यादेशी गाठ पडली. मायएसक्यूएलच्या त्या काळच्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनात इंडेक्सला ७६७ बाइट मिळत. ४ बाइटांनी भागलं तर १९१ अक्षरं. २५५ अक्षरांच्या रकान्यांचे इंडेक्स त्यामुळे १९१ पर्यंत आणावे लागले. सगळीकडे दिसणारा तो विचित्र १९१ आकडा इथून आला. माझं मत असं की एन्कोडिंग विचारूच नये. चार बाइटांचं मिळत असेल तर तेच घ्या, नसेल तर इन्स्टॉल थांबवा आणि का थांबवलं ते साध्या शब्दांत सांगा. निवडीची मुभा दिल्याने इथे कुणाचंच भलं होत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला टाइमझोन, मुखपृष्ठावर किती नोंदी, थीमचा रंग. हे सगळं नंतर दोन क्लिकमध्ये बदलतं. ते इन्स्टॉलरमध्ये विचारणं म्हणजे घर बघायला आलेल्या माणसाला दारातच पडद्यांचं कापड निवडायला लावणं.

मीही ही चूक केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. एका सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर मी सतरा रकान्यांचा केला होता आणि मला त्याचा अभिमान होता. एकदा एका छोट्या संस्थेची साइट सांभाळणाऱ्या बाईंच्या शेजारी बसून तो वापरताना पाहिला. डेटाबेसची माहिती त्यांनी कागदावरून बघून नीट भरली. मग ‘टेबल प्रीफिक्स’ आला. त्या थांबल्या, थोडा विचार केला, आणि संस्थेचं नाव टाकलं, मधे स्पेस आणि शेवटी हायफन. पुढे ‘कॅश ड्रायव्हर’ आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘यातलं मला काय कळतं म्हणून हे विचारताय?’ त्यांनी बटण दाबलं तेव्हा हायफनमुळे टेबल तयार होताना एरर आली, तीही डेटाबेसच्या भाषेत. तिथून पुढे त्या जाऊ शकल्या नाहीत. ज्यांच्यासाठी ते सतरा रकाने होते ते लोक कधीच ब्राउझरमधून इन्स्टॉल करत नव्हते. त्यांच्या हातात स्क्रिप्ट होत्या. आणि ज्या माणसांपुढे रकाने येत होते त्यांना ते नकोच होते.

विकी साइट्स चालवणाऱ्या मीडियाविकी सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर या बाबतीत मला मनापासून आवडतो. डेटाबेस, विकीचं नाव आणि अ‍ॅडमिनचं खातं झालं की तो थांबतो आणि दोन पर्याय देतो: आणखी प्रश्न विचारा, किंवा आता कंटाळा आला, विकी इन्स्टॉल करून टाका. सगळे प्रश्न तिथेच आहेत, पण पुढे जायचं की नाही हे माणूस ठरवतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात सॉफ्टवेअर बसवताना प्रश्न विचारणारी डेबकॉन्फ नावाची व्यवस्था आहे, ती याच विचाराची जास्त शिस्तशीर मांडणी. तिथे प्रत्येक प्रश्नाला लो, मीडियम, हाय किंवा क्रिटिकल असा दर्जा असतो. सर्व्हरवर जी पातळी ठेवली असेल तिच्या खालचे प्रश्न विचारले जात नाहीत, डिफॉल्ट उत्तर घेतलं जातं. नेहमीची पातळी हाय असते. कुणाला सगळंच पाहायचं असेल तर तो लो ठेवतो. कुणी न बोलणारा मोड निवडला तर एकही प्रश्न न येता काम होतं, आणि उत्तरं आधीच फाइलीत भरून देता येतात.

डेबकॉन्फकडून तुम्ही घ्यावं ते हेच की प्रश्न आणि तो विचारणारा पडदा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. आज तुमच्या इन्स्टॉलरचं कामकाज पडद्याच्या कोडमध्येच गुंतलेलं असणार. फॉर्म सबमिट झाला की त्याच फाइलीत टेबलं तयार होत असतील. ते आधी तोडा. प्रश्नांची एक यादी करा. प्रत्येकाला नाव, दर्जा, डिफॉल्ट, आणि उत्तर बरोबर आहे का हे तपासणारं एक फंक्शन. प्रीफिक्सचं फंक्शन म्हणेल की फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर, आणि लांबी इतकी की तुमच्या सगळ्यात लांब टेबलाचं नाव जोडूनही ६४ अक्षरांच्या आत राहील, कारण मायएसक्यूएल टेबलाचं नाव त्याहून लांब घेत नाही. ही तपासणी रकान्यातून बाहेर पडताक्षणी व्हावी, टेबलं तयार होताना नव्हे. मग इन्स्टॉल करणारं एकच इंजिन, ज्याला फक्त तयार उत्तरांचा संच मिळतो. तो संच ब्राउझरच्या फॉर्ममधून आला, कमांड लाइनवरून आला की फाइलीतून, याच्याशी इंजिनाला देणंघेणं नाही.

हे एकदा झालं की तुमचा चाळीस साइट्सवाला माणूस आपोआप मार्गी लागतो. वर्डप्रेस, मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रमांचं), ड्रुपल (वेबसाइटचं), मीडियाविकी, नेक्स्टक्लाउड (फाइली ठेवण्याचं) या सगळ्या सॉफ्टवेअरना कमांड लाइनवरून इन्स्टॉल करता येतं ते यासाठीच. नेक्स्टक्लाउडमध्ये तर कॉन्फिग फोल्डरात ऑटोकॉन्फिगची फाइल ठेवून अर्धीच उत्तरं देता येतात. डेटाबेसची माहिती फाइलीत असेल तर ती न विचारता फक्त अ‍ॅडमिनचं खातं विचारलं जातं. ही ‘अर्धी उत्तरं’ची सोय तुम्ही नक्की करा. होस्टिंगवाला तांत्रिक भाग भरून ठेवेल, साइटचा मालक आपल्या नावापुरतं भरेल. दोघांनाही आपापलं तेवढंच दिसेल.

उत्तरं चार ठिकाणांहून येऊ लागली की कोणतं वरचढ हे ठरवून लिहून ठेवा. मी असा क्रम ठेवतो: कमांडवर दिलेलं सगळ्यात वर, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम चालवण्याआधी सर्व्हरवर ठेवलेलं मूल्य), मग उत्तरांची फाइल, मग डिफॉल्ट. इन्स्टॉल सुरू करण्याआधी प्रत्येक उत्तर आणि ते कुठून आलं हे छापा. ‘अपलोड फोल्डर: दुसरी डिस्क (उत्तरांच्या फाइलीतून)’ एवढी एक ओळ तासभराची शोधाशोध वाचवते. पासवर्ड मात्र छापायचा नाही, आणि कमांडच्या ओळीत घ्यायचाही नाही. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या युजरला चालू प्रोसेसच्या यादीत तो दिसू शकतो आणि शेलच्या हिस्टरीत, म्हणजे टाइप केलेल्या कमांडच्या नोंदीतही, उरतो. तो वेगळ्या फाइलीतून किंवा एन्व्हायर्नमेंटमधून घ्या.

भाषेबद्दल थोडक्यात. भाषेचा प्रश्न पहिल्याच पडद्यावर, डेटाबेसच्याही आधी हवा. वर्डप्रेसने २०१४ मध्ये ४.० आवृत्तीत तो तसा आणला. तुमच्या एररही त्याच भाषेत यायला हव्यात, कारण माणूस अडतो तो एररपाशी.

आता कोणते भाग हवेत, कोणते नकोत. इथे टिकबॉक्सची रांग लावायचा मोह आवरा. दहा स्वतंत्र टिकबॉक्स म्हणजे १०२४ जुळण्या. तुम्ही तिघं त्यातल्या चारसुद्धा नीट तपासणार नाही. त्याऐवजी दोन-तीन तयार संच द्या. ड्रुपलमध्ये याला इन्स्टॉलेशन प्रोफाइल म्हणतात: स्टँडर्ड, मिनिमल, आणि एक नमुना साइटचा. शिवाय कुणालाही स्वतःचा प्रोफाइल लिहिता येतो, आणि खरी ताकद त्यात होती. पण त्यांनी भोगलेला त्रासही लक्षात घ्या. प्रोफाइल साइटला जन्मभर चिकटून राहत असे. ज्याने इन्स्टॉल केलं तो काढता येत नसे. २०२४ च्या १०.३ आवृत्तीत प्रोफाइल काढण्याची सोय आली, आणि त्याच सुमारास रेसिपी नावाची दुसरी पद्धतही. रेसिपी एकदा लागू होते, मॉड्यूल चालू करते, सेटिंग्ज भरते आणि बाजूला होते. साइट पुढे तिच्यावर अवलंबून राहत नाही. तुम्ही नव्याने सुरू करताय, तर थेट रेसिपीच्या वाटेने जा. संच हा सामानाची यादी असू द्या. इन्स्टॉलनंतरही त्याच पद्धतीने गॅलरी जोडता किंवा काढता आली पाहिजे. तसं झालं की ‘इन्स्टॉल करताना गॅलरी नको’ या मागणीतला जीवच निघून जातो.

नमुना मजकुराचंही असंच. वर्डप्रेसमध्ये एक दार आहे, जे फार कमी लोकांना माहीत असतं: कंटेंटच्या फोल्डरात इन्स्टॉल नावाची पीएचपी फाइल ठेवली तर इन्स्टॉलर ती आधी वाचतो, आणि सुरुवातीचा मजकूर तयार करणारं फंक्शन तिथे लिहिलेलं असेल तर स्वतःचं सोडून ते वापरतो. नमुन्याची पहिली नोंद नको असेल, त्याऐवजी संस्थेची चार ठरलेली पानं हवी असतील, तर मूळ फाइलींना हात न लावता ते होतं. असं एक दार तुमच्याकडेही हवं, कारण कितीही प्रश्न विचारलेत तरी कुणाची तरी गरज त्यात बसणार नाही. त्याला तुमचे कोड बदलावे लागले तर पुढच्या अपडेटला त्याचं काम पुसलं जाईल आणि तो अपडेट करणंच सोडेल. जुन्या आवृत्तीवर अडकलेल्या साइट्स मला तरी अशाच कारणाने सापडल्या आहेत.

अपलोडचं फोल्डर हलवण्याची मागणी पूर्ण करा, पण त्याआधी तुमच्या कोडमध्ये त्या फोल्डरचं नाव किती ठिकाणी थेट लिहिलंय ते शोधून काढा. वर्डप्रेसमध्ये कंटेंटचं फोल्डर हलवता येतं, तरी काही प्लगइन्स त्यामुळे मोडतात, कारण त्यांच्या लेखकांनी मार्ग विचारून घेतलेला नसतो, गृहीत धरलेला असतो. पहिल्या दिवसापासून मार्ग देणारं एकच फंक्शन ठेवा, आणि चाचण्या चालवताना फोल्डरला मुद्दाम वेगळं नाव द्या. वेगळं नाव हेच चाचणीचं नेहमीचं नाव असेल तर गृहीत धरलेली जागा त्याच दिवशी पकडली जाते. मूडल अपलोडचं फोल्डर वेब सर्व्हरच्या उघड्या फोल्डराबाहेर ठेवायला सांगतं, ते सुरक्षिततेसाठी. तुमचं डिफॉल्टही तसंच असावं.

निवडी वाढल्या की इन्स्टॉल मधेच फसण्याच्या जागाही वाढतात, आणि याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. मायएसक्यूएलमध्ये टेबल तयार करण्याची कमांड ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्कं किंवा रद्द करायच्या कामांच्या गटात) मागे घेता येत नाही. ती चालली की आधीचं सगळं आपोआप पक्कं होतं. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसात घेता येते. म्हणजे तुमच्याकडे बारापैकी आठ टेबलं झाली आणि नवव्याला डिस्क भरली, तर आठ तिथेच राहणार. पुन्हा इन्स्टॉल करायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणतं, आधीच इन्स्टॉल झालंय. लॉगिनला गेलं तर अ‍ॅडमिन अजून तयारच नाही. माणूस दोन बंद दारांमध्ये अडकतो. यावर उपाय असा: इन्स्टॉलची पावलं पाडा, प्रत्येक पाऊल पूर्ण झालं की एका छोट्या टेबलात नोंदवा, आणि प्रत्येक पाऊल दुसऱ्यांदा चालवलं तरी बिघडणार नाही असं लिहा. पुन्हा सुरू केलं की नवव्या टेबलापासून पुढे. ‘इन्स्टॉल झालं’ ही खूण सगळ्यात शेवटी, अ‍ॅडमिन तयार झाल्यानंतर.

कॉन्फिग फाइल लिहिताना परमिशन नसणं हे नेहमीचंच. तेव्हा एरर देऊन हात वर करू नका. फाइलीचा मजकूर तयार करून डाउनलोडला द्या आणि कुठे ठेवायची ते सांगा. मीडियाविकी तेच करतं.

सुरक्षिततेबद्दल एकच, पण ते टाळू नका. जो इन्स्टॉलर उघडा आणि अपूर्ण पडून आहे तो पहिल्या येणाऱ्याचा. साइटला एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट मिळालं की त्याची नोंद जाहीर लॉगमध्ये होते, आणि २०१७ पासून हे उघडपणे दाखवलं गेलंय की त्या लॉगवर नजर ठेवून नुकत्याच चढवलेल्या, अजून इन्स्टॉल न झालेल्या साइट्स मालकाच्या आधी ताब्यात घेता येतात. हल्ला करणारा स्वतःच्या डेटाबेसची माहिती भरतो, स्वतः अ‍ॅडमिन बनतो आणि सर्व्हरवर कोड चालवतो. तुमच्याकडे आता प्रश्न वाढणार, म्हणजे माणूस ‘जरा विचार करून भरतो’ म्हणत पडदा उघडा ठेवून जाणार. त्यामुळे इन्स्टॉलर सुरू होण्याआधी एक पुरावा मागा, जो फक्त सर्व्हरच्या फाइलींपर्यंत पोहोचणाऱ्यालाच देता येईल. सर्व्हरवर एका फाइलीत यादृच्छिक शब्द लिहा, तो वाचून पडद्यावर टाकायला सांगा. नेक्स्टक्लाउड कॉन्फिग फोल्डरात ठरावीक नावाची फाइल असल्याशिवाय इन्स्टॉल होऊच देत नाही, तेही चालेल. नुसतं ‘इन्स्टॉलचं फोल्डर नंतर काढून टाका’ असं सांगून भागत नाही; काढायचं राहून जातं.

प्रीफिक्स मागणारे बरेच जण तो सुरक्षिततेसाठी मागतात, तेव्हा त्यांना खरं सांगा. ज्याला तुमच्या डेटाबेसवर क्वेरी चालवता येते त्याला टेबलांची नावंही वाचता येतात. प्रीफिक्सचा खरा उपयोग एका डेटाबेसात दोन साइट्स ठेवायला. त्यामुळे तो फाइलीत मीडियम दर्जाचा प्रश्न म्हणून ठेवा. पण त्या डेटाबेसात त्याच नावाची टेबलं आधीच दिसली, तर दर्जा काहीही असो, पडद्यावर थांबून विचारा. मूळची टेबलं न विचारता पुसणारा इन्स्टॉलर मी एकदा पाहिलाय, आणि बॅकअप नव्हता.

कामाचा क्रम विचाराल तर आधी इंजिन आणि पडदा वेगळे करा, वापरणाऱ्याला काहीच बदललेलं न दिसता. मग कमांड लाइन आणि उत्तरांची फाइल. ती चाळीस साइट्सवाल्या माणसाला वापरायला द्या, महिनाभर तो काय काय मागतो ते लिहून ठेवा. अपलोडचं फोल्डर आणि पावलांची नोंद त्यानंतर. संच सगळ्यात शेवटी, कारण गॅलरीसारखे भाग तुमच्या मूळ कोडमधून सोडवून घेणं हे यातलं सगळ्यात मोठं काम आहे आणि त्याचा इन्स्टॉलरशी फारसा संबंध नाही. ब्राउझरच्या पडद्यावर आज चार प्रश्न आहेत. भाषेचा पाचवा येईल, आणि अ‍ॅडमिनचं युजरनेम तुम्ही स्वतःच ठरवून टाकत असाल तर तो सहावा. वर्डप्रेसही २०१० च्या ३.० आवृत्तीपर्यंत ते सगळ्यांना ‘अ‍ॅडमिन’ असंच देत असे, आणि पासवर्डचा अंदाज लावत बसणाऱ्यांचं अर्धं काम तिथेच होत असे.